पॉड फिल्टर बसवल्यावर मध्यावर अडखळणारी गाडी: जेट बदलण्याआधी कार्बोरेटरचे तोंड पाहा

मोटारसायकलचा मूळ एअर बॉक्स, म्हणजे हवेचा फिल्टर असलेली बंद पेटी, काढून कार्बोरेटरच्या तोंडावर थेट पॉड फिल्टर, म्हणजे उघडा राहणारा सुटा फिल्टर, बसवला की एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी सुरू होते, आयडलिंगला बरी राहते, पूर्ण रेस दिली तर पळतेही. पण थ्रॉटल पाव ते निम्मा उघडला असताना इंजिन क्षणभर गुदमरते, दोन-तीन झटके देते आणि मग एकदम उचल घेते. यावरचा ठरलेला सल्ला असा की, हवा वाढली आहे, तेव्हा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य छिद्राचा भाग, मोठा घाला. त्याप्रमाणे जेट मोठा घातला जातो, अडखळणे तसेच राहते, आणखी मोठा जेट येतो, आणि शेवटी पेट्रोल जास्त खाणारी, काळा धूर सोडणारी, तरीही मध्यावर अडखळणारी गाडी हाती उरते. या सल्ल्यातला पहिला भाग पुष्कळदा खरा असतो. दुसरा भाग मात्र चुकीच्या जागी हात घालायला लावतो, कारण थ्रॉटल अर्धा उघडा असताना मेन जेटचा मिश्रणावर फारसा अधिकार चालत नाही.

मी स्वतः याच वाटेने गेलो आहे. माझ्या एक-सिलिंडर गाडीला डायफ्रामचा (लवचीक रबरी पडद्याचा), म्हणजे सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) प्रकारचा कार्बोरेटर आहे. पॉड फिल्टर बसवल्यावर मी ओळीने तीन मेन जेट बदलले. तिसऱ्या जेटनंतर स्पार्क प्लग काढला, तर त्याच्या टोकाचा इन्सुलेटर (चिनी मातीचा भाग) कोरड्या काजळीने काळा झालेला होता, आणि मी तोपर्यंत इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे असेच धरून चाललो होतो. त्या दिवशी फिल्टर उतरवून उजेडात धरला, तेव्हा त्याच्या रबरी तोंडाच्या आतल्या कडेवर दोन ठसे उमटलेले दिसले: एक टाचणीच्या डोक्याएवढा गोल आणि दुसरा नखाएवढा, अर्धचंद्रासारखा. कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली छिद्रे रबरावर दाबली जाऊन ते ठसे उमटले होते. ती छिद्रे मी माझ्याच हाताने, क्लॅम्प आवळून, बंद केली होती.

तोंडाशी असलेली छिद्रे काय करतात

कार्बोरेटरचे फिल्टरकडचे तोंड समोरून पाहिले तर मधल्या मोठ्या वाटेच्या कडेने दोन-तीन लहान वाटा दिसतात. त्यांपैकी एक पायलट एअर जेटची असते. आयडलिंगच्या मिश्रणात जाणारी हवा तिथून येते. दुसरी मेन एअर जेटची. नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट कमी-जास्त उघडणारी निमुळती सुई, तिच्याभोवतालच्या नळीत पेट्रोल वर चढताना त्यात बुडबुड्यांच्या रूपाने हवा मिसळली जाते, ती या वाटेने. सीव्ही कार्बोरेटरमध्ये आणखी एक मोठी, बहुधा लांबट आकाराची वाट असते आणि ती डायफ्रामच्या खालच्या कप्प्यात जाते.

या तिसऱ्या वाटेचे काम नीट समजून घ्यावे, कारण सीव्ही कार्बोरेटरच्या मध्यावरच्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा तिथेच सापडते. या प्रकारात थ्रॉटलची केबल स्लाइड, म्हणजे गळ्यातली हवेची वाट उघडणारा सरकता दट्ट्या, उचलत नाही. ती फक्त फुलपाखरासारखी झडप फिरवते. स्लाइड वर जाते ती दाबातल्या फरकाने. डायफ्रामच्या वरच्या कप्प्याला स्लाइडच्या तळाशी असलेल्या छिद्रातून कार्बोरेटरच्या गळ्यातला कमी दाब मिळतो, आणि खालच्या कप्प्याला तोंडाशी असलेल्या वाटेतून बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब मिळतो. हा फरक जेवढा मोठा, तेवढी स्लाइड स्प्रिंगला दाबत वर जाते आणि तिच्यासोबत नीडल वर जाते. फिल्टरच्या रबराने ती वाट झाकली की खालच्या कप्प्याला पूर्ण दाब मिळत नाही, स्लाइड अर्ध्यावर लटकते, आणि थ्रॉटल उघडला तरी इंजिनाला ना पुरेशी हवा मिळते ना पुरेसे पेट्रोल. अशा वेळी कोणताही मेन जेट घातला तरी फरक पडणार नाही, कारण स्लाइड वर गेल्याशिवाय त्या जेटची पाळीच येत नाही.

एअर जेटच्या वाटा झाकल्या गेल्या तर परिणाम उलट दिशेने होतो. मिसळायची हवा कमी झाल्यामुळे मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. पॉड फिल्टर बसवल्यावर मिश्रण पातळच, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होणार असे सर्वसाधारणपणे समजले जाते, आणि मोकळ्या फिल्टरमुळे तसे होतेही. पण तोच फिल्टर एअर जेट झाकत असेल तर काही टप्प्यांवर मिश्रण घट्ट आणि काही टप्प्यांवर पातळ, अशी विचित्र अवस्था येते. प्लग काळा आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, ही परस्परविरोधी वाटणारी लक्षणे एकाच गाडीत दिसली की माझा पहिला संशय फिल्टरच्या तोंडावर जातो.

तपासणी सोपी आहे. कार्बोरेटरच्या तोंडाच्या पुढच्या कडेवर खडूची पूड बोटाने चोळावी, फिल्टर नेहमीसारखा बसवून क्लॅम्प आवळावा, आणि लगेच पुन्हा काढावा. रबराच्या आतल्या पायरीवर खडूचा जो ठसा उमटेल, त्यावरून रबर नेमके कुठे टेकते ते कळते. पांढऱ्या कड्यात छिद्रांच्या जागा गोल काळ्या राहिल्या असतील तर रबर त्या छिद्रांवर बसते आहे. तपासणी झाल्यावर खडू दोन्हीकडून ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावा. त्याचा कणही जेटमध्ये जाता कामा नये.

उपाय दोन आहेत. तोंडाची लांबी पुरेशी असेल तर फिल्टर अगदी आतपर्यंत न ढकलता दोन-तीन मिलिमीटर अलीकडे ठेवून क्लॅम्प आवळता येतो, मात्र क्लॅम्पखाली पूर्ण रुंदीचे रबर राहायला हवे. तेवढी लांबी नसेल तर आतली पायरी धारदार ब्लेडने छिद्रांसमोर कापावी लागते. मी पायरीचा तेवढाच भाग कापतो आणि बाकीची तशीच ठेवतो, कारण ती संपूर्ण कापली तर फिल्टर सरकून पुढे जातो आणि तीच अडचण पुन्हा उभी राहते. कापताना रबराचे जे बारीक कण पडतात ते फिल्टरच्या आत राहू देऊ नयेत. पायलट एअर जेट बुजायला असा एक कण पुरतो. नवा फिल्टर घेणार असाल तर तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून न्या, आणि फिल्टरच्या आतली पायरी किती रुंद आहे हे विकत घेण्याआधी बोट घालून पाहा.

पातळ की घट्ट, हे आधी ठरवावे

तोंड मोकळे असूनही अडखळणे राहिले, तर मिश्रण कोणत्या बाजूला झुकले आहे ते कळल्याशिवाय एकही जेट बदलू नये. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर कागदी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा पेनने कराव्यात. इंजिनाचे फेरे किती आहेत यापेक्षा थ्रॉटल किती उघडा आहे हे इथे महत्त्वाचे, कारण कार्बोरेटरचे भाग त्यानुसार कामाला लागतात. गाडी जिथे अडखळते ती खूण पाहून ठेवावी, आणि इंजिन पूर्ण गरम असताना, रहदारी नसलेल्या जागी, त्याच खुणेवर थ्रॉटल धरून चोक किंचित ओढावा. अडखळणे कमी झाले तर मिश्रण पातळ आहे. वाढले तर घट्ट आहे. एवढ्या साध्या चाचणीने निम्मी दिशाभूल टळते.

दुसरी चाचणी स्टँडवर, धूळ नसलेल्या जागी आणि काही सेकंदांपुरतीच करावी: फिल्टर उतरवून रेस देऊन पाहावी. फिल्टर काढला की हवा आणखी मोकळी होते आणि मिश्रण थोडे पातळच होते. तरीही अडखळणे नाहीसे झाले आणि फिल्टर बसवताच परतले, तर एक तर मिश्रण घट्ट आहे किंवा फिल्टर अजूनही काहीतरी झाकतो आहे. या वेळी चेहरा आणि हात तोंडासमोर नसावेत. बॅकफायर झाला तर ज्वाला तिथूनच बाहेर येते.

प्लगचा रंगही पाहावा, पण तो अडखळण्याच्या टप्प्याचा असावा. त्या खुणेवर गाडी काही वेळ चालवून क्लच दाबावा, त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि मग प्लग काढावा. आयडलिंगवर घरापर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग आयडलिंगचीच हकिकत सांगतो. फिकट बदामी रंग ठीक, खडूसारखा पांढरा म्हणजे पातळ, आणि कोरडी मऊ काजळी म्हणजे घट्ट. पातळ मिश्रणाकडे डोळेझाक करू नये. इंजिन जास्त तापते आणि सतत पूर्ण रेसवर चालवल्यास पिस्टनला इजा होऊ शकते.

बाहेरून शिरणारी हवा आणि उघड्या पडलेल्या नळ्या

एअर बॉक्स काढताना कार्बोरेटर हलवावा लागतो, आणि जुन्या गाडीत नेमके तेव्हाच कार्बोरेटर आणि इंजिन यांमधले रबरी मॅनिफोल्ड चिरते. रेस सोडल्यावर फेरे लगेच खाली न येता वरच रेंगाळत असतील तर आधी इथे पाहावे. इंजिन आयडलिंगला असताना रबराच्या सांध्यावर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला आणि फेरे बदलले, तर तिथून हवा शिरते आहे. कार्ब क्लीनरचा फवारा काही जण वापरतात. तो पेट घेतो, आणि गरम सायलेन्सरच्या पाइपाशेजारी मी तो वापरत नाही. पॉड फिल्टरचे वजन आता कार्बोरेटरवर लटकलेले असते आणि त्याचा ताण याच रबरावर येतो, म्हणून मोठ्या फिल्टरला चौकटीशी बांधणारी एक पट्टी द्यावी.

कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीला बाहेरची हवा पोचवणारी नळी, म्हणजे व्हेंट, हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पेट्रोल जेटमधून वर चढते ते वाटीतला दाब आणि गळ्यातला दाब यांतल्या फरकामुळे, आणि हा फरक मुळात फार थोडा असतो. पुष्कळ गाड्यांत ही नळी एअर बॉक्समध्ये किंवा त्याच्या आडोशाला सोडलेली असते. बॉक्स गेला की ती वाऱ्यात लोंबकळते. ताशी 100 किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब सुमारे 460 पास्कल भरतो, म्हणजे पाण्याच्या जवळपास 4.7 सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका. ताशी 50 किलोमीटरला तो याच्या एक चतुर्थांश असतो. नळीचे तोंड वाऱ्याला कसे भिडते यावर वाटीतला दाब वाढतो किंवा घटतो, आणि मिश्रण वेगानुसार बदलत राहते. स्टँडवर अगदी सुरळीत असणारी, गल्लीतही नीट चालणारी आणि मोकळ्या रस्त्यावर विशिष्ट वेगाच्या पुढे गुदमरणारी गाडी असेल, तर जेटला हात लावण्याआधी ही नळी लांब करून सीटखाली, वारा न पोचणाऱ्या जागी न्यावी. ती कधीही बंद करू नये. बंद केली तर वाटीत पेट्रोल उतरणेच थांबते.

पॉड फिल्टर स्वतःही वाऱ्यात उघडा असतो. शेजारून मोठे वाहन गेले की गाडी क्षणभर अडखळते, असे असेल तर कारण हेच, आणि साइड पॅनल परत लावल्याने पुष्कळदा ते थांबते. एकाहून जास्त सिलिंडर असलेल्या गाडीत बाहेरच्या कडेचे फिल्टर वाऱ्यात आणि आतले आडोशाला असतात, त्यामुळे सिलिंडरांचे मिश्रण एकसारखे राहत नाही. तिथे दोन-दोन तोंडांचा जोड फिल्टर बरा पडतो, आणि व्हॅक्यूम गेज लावून कार्बोरेटर एकमेकांशी जुळवून घेणे आवश्यक ठरते.

क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ब्रीदरची, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी, नळी पूर्वी एअर बॉक्सला जोडलेली असेल तर तिच्या टोकाला छोटा स्वतंत्र फिल्टर लावावा आणि ते टोक मागच्या टायरपासून दूर ठेवावे, कारण त्यातून तेलाची वाफ बाहेर येते. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी योजना गाडीला असेल तर तिची नळीही एअर बॉक्समधूनच स्वच्छ हवा घेत असते. तिलाही फिल्टर हवा. थ्रॉटल सोडल्यावर होणारी फटफट कधीकधी या नळीमुळे वाढते आणि तिचा मध्यावरच्या अडखळण्याशी काही संबंध नसतो, म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र धरू नयेत.

आता जेट, आणि तेही क्रमाने

इथपर्यंतचे सगळे ठीक असून चोक ओढल्यावर गाडी सुधारत असेल, तर मिश्रण खरोखर पातळ आहे आणि जेटिंग करायला हरकत नाही. ढोबळमानाने बंद ते पाव थ्रॉटल पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू यांचे राज्य, पाव ते पाऊण नीडलचे, आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचे. या हद्दी एकमेकींत मिसळतात, पण मध्यावरची तक्रार नीडलच्या वाट्याला जाते हे नक्की. नीडलवर खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्यावी. क्लिप खाली गेली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. हे उलटे वाटते आणि चुकीच्या बाजूला खाच बदलण्याची चूक घाईत हमखास होते. अनेक सीव्ही कार्बोरेटरांच्या नीडलला खाचा नसतात. तिथे नीडलच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटर जाडीची बारीक चकती घालून तेच साधता येते. एका वेळी एकच चकती घालावी आणि गाडी चालवून पाहावी.

तेवढ्यासाठी वरचे झाकण उघडलेलेच असते, तेव्हा डायफ्राम उजेडाकडे धरून त्यात टाचणीएवढेही भोक नाही ना ते पाहून घ्यावे. परत बसवल्यावर स्लाइड बोटाने वर उचलून सोडावी. ती सावकाश, न अडता खाली यायला हवी. धपकन पडली तर डायफ्राम फाटला आहे किंवा त्याची कड खाचेत नीट बसलेली नाही.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे आहे ते पाहावे. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो आणि बाहेर काढल्याने घट्टपणा वाढतो. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो आणि बाहेर काढल्याने मिश्रण पातळ होते. सध्या तो पूर्ण आत जायला किती वळसे घेतो ते मोजून लिहून ठेवावे, आणि आत हलकेच टेकवावा. जोर लावला तर त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात.

मेन जेट सर्वांत शेवटी, आणि पूर्ण थ्रॉटलवर गाडी कमी पडते असे दिसले तरच. ज्या जेटवर छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेला असतो, त्यात 110 वरून 120 वर गेल्याने छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे 19 टक्क्यांनी वाढते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. आकड्यात दहाचा फरक किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात तो मोठा असतो. म्हणून शेजारच्या मापापासून सुरुवात करावी. मिकुनी आणि केहिन यांच्या जेटवरचे आकडे एकाच मोजपट्टीवरचे नसतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्यात वापरू नये.

तेल लावायच्या कापडी फिल्टरबाबत एक गोष्ट. तेल जास्त झाले तर ते हवेबरोबर आत ओढले जाते, स्लाइडवर आणि एअर जेटमध्ये चिकट थर बसतो, आणि धुतल्यानंतर दोन दिवसांनी तीच अडखळण्याची तक्रार सुरू होते. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावा, घड्यांवर थोडे तेल सोडावे, ते कापडात पसरू द्यावे आणि उरलेले टिपून घ्यावे. पावसात भिजलेला फिल्टर हवा अडवतो आणि मिश्रण घट्ट होते. ते जेटिंगचे बिघडणे नव्हे, फिल्टर वाळला की गाडी पूर्ववत होते.

माझ्या गाडीत रबराची पायरी कापून मूळ मेन जेट परत बसवला आणि नीडलखाली एक चकती घातली, तेव्हा अडखळणे गेले; नंतर पूर्ण थ्रॉटलसाठी मेन जेट एकच माप वाढवावा लागला. सगळ्या सीव्ही गाड्यांचे असे जुळून येत नाही. एअर बॉक्सचा आकार आणि त्यातली शांत हवा गृहीत धरूनच त्या स्लाइडची स्प्रिंग आणि नीडल ठरवलेली असते, आणि काही गाड्यांत चकती, जेट, नळी सर्व करूनही थ्रॉटल सुमारे एक तृतीयांश उघडा असताना अडखळण्याचा खळगा उरतोच. तिथे मी मालकाला मूळ बॉक्स परत बसवून त्याच्या आतच चांगल्या प्रतीचा फिल्टर घालायला सांगतो. बॉक्स परत आला की वाढवलेला जेट आणि नीडलखालची चकतीही त्याच दिवशी काढावी, नाहीतर आता हवा पूर्वीएवढी आणि पेट्रोल मात्र वाढलेले, अशी गाडी तयार होते आणि पुढच्या वेळी तिचा प्लग काळाच निघतो.